लेझरच्या कप्प्यात काही उंदीर रमतात, काही तो टाळतात: व्हीटीएच्या प्रयोगात हे का होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: उंदरांच्या व्हीटीएमध्ये, म्हणजे मध्यमेंदूतल्या व्हेंट्रल टेगमेंटल एरियात, सिनॅप्सिन प्रमोटरवरचं चॅनेलरोडॉप्सिन टाकलं. चॅनेलरोडॉप्सिन हे प्रकाश पडला की पेशी चेतवणारं प्रथिन, आणि प्रमोटर म्हणजे ते कोणत्या पेशींत बनेल हे ठरवणारा डीएनएचा तुकडा. दोन कप्प्यांच्या पेटीत एका कप्प्यात पाऊल पडताच लेझर सुरू होतो. आठपैकी पाच उंदीर तिथेच थांबतात, तिघे तो कप्पा टाळतात. डोपामाइन म्हणजे बक्षीस, तर मग हे तिघे कुठून आले?

बहुतेक उत्तर प्रमोटरमध्येच आहे. सिनॅप्सिन न्यूरॉनमध्ये भेद करत नाही, आणि व्हीटीएत डोपामाइनच्या पेशी जेमतेम दोन-तृतीयांश असतात. उरलेल्यांत गाबाच्या (इतर पेशींना दाबणाऱ्या) पेशी बऱ्याच आणि ग्लुटामेटच्या (इतरांना चेतवणाऱ्या) थोड्या. गाबाच्या पेशी पेटवल्या की त्या शेजारच्या डोपामाइन पेशींना दाबतात आणि उंदीर ती जागा सोडतो. इथल्या ग्लुटामेट पेशींचे काही धागे लॅटरल हॅबेनुला या मेंदूतल्या छोट्या केंद्राकडे जातात, आणि तोही टाळण्याचाच मार्ग. म्हणजे तुमचा लेझर एकाच वेळी ओढणारे आणि ढकलणारे असे दोन्ही मार्ग चालू करतोय. कोणता जिंकणार, हे लेझरचा प्रकाश मेंदूत नेणाऱ्या फायबरचं टोक नेमकं कुठे बसलंय त्यावर ठरतं.

फक्त डोपामाइनच्या पेशी चेतवायच्या असतील तर डॅट-क्रे उंदीर घ्या, म्हणजे ज्यांच्या डोपामाइन पेशींतच क्रे हे एन्झाइम असतं असे, आणि क्रे असेल तिथेच काम करणारा एएव्ही (जनुक पोचवणारा विषाणू) वापरा. टीएच (डोपामाइन बनवण्यात लागणारं एन्झाइम) वर बेतलेले टीएच-क्रे उंदीर टाळलेले बरे, कारण त्यांत डोपामाइन न बनवणाऱ्या पेशींमध्येही क्रे आढळतं. विषाणू 300 ते 500 नॅनोलिटर, मिनिटाला 100 नॅनोलिटरपेक्षा वेगाने नको, आणि नंतर सुई दहा मिनिटं तशीच ठेवा. घाईने काढली तर द्रव सुईच्या वाटेने वर चढतो. मध्यरेषेपासून अंतर साधारण 0.5 मिलिमीटर. त्याहून बाहेर सरकलात की सबस्टँशिया नायग्रा हा शेजारचा भाग लागतो.

पण एवढं करूनही सगळे उंदीर एकसारखे वागतील असं नाही, आणि मला या विषयातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. डोपामाइनच्या पेशीसुद्धा एका जातीच्या नाहीत. 2012 साली लॅमेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लॅटेरोडॉर्सल टेगमेंटम या मेंदूच्या खोडातल्या भागाकडून येणारे धागे मुख्यतः न्यूक्लियस अक्युंबन्स या बक्षिसाशी जोडलेल्या केंद्राच्या बाहेरच्या कवचाकडे जाणाऱ्या डोपामाइन पेशींना जोडलेले असतात, आणि ते चेतवले की उंदीर ती जागा पसंत करतो. हॅबेनुलाकडून येणारे धागे मात्र प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडे जाणाऱ्या डोपामाइन पेशींना आणि आरएमटीजीतल्या (व्हीटीएच्या मागच्या टोकाशी असलेल्या भागातल्या) गाबा पेशींना जोडलेले असतात. ते चेतवले की उंदीर जागा टाळतो. त्यामुळे पेशीचं रसायन कोणतं एवढं सांगून भागत नाही. ती कुणाकडून संदेश घेते आणि कुणाला देते, हे सांगितल्याशिवाय ‘बक्षीस’ हा शब्द लिहू नका.

अक्युंबन्समध्ये फायबर बसवून तिथवर आलेल्या धाग्यांची फक्त टोकं चेतवणार असाल, तर सहा ते आठ आठवडे थांबा. पेशीच्या मुख्य भागासाठी तीन-चार पुरतात, लांबच्या टोकांपर्यंत प्रथिन पोचायला वेळ लागतो. धाग्याच्या टोकावर पाडलेला प्रकाश उलट्या दिशेनेही आवेग पाठवतो, आणि तो पेशीच्या दुसऱ्या फांद्यांत शिरू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

आता मोजणीकडे. 473 नॅनोमीटर, सेकंदाला 20 वेळा, प्रत्येक झोत 5 मिलिसेकंद, फायबरच्या टोकाशी सुमारे 10 मिलिवॅट ही चालणारी मांडणी आहे. सलग प्रकाश ठेवलात तर ऊती तापते आणि नुसत्या उष्णतेनेही पेशींचं वागणं बदलतं. म्हणून चॅनेलरोडॉप्सिनऐवजी नुसतं ईवायएफपी (चमकणारं, पण पेशी न चेतवणारं प्रथिन) दिलेला गट लागतोच. फायबरच्या जोडावर काळं आवरण घाला. तिथून झिरपणारा निळा उजेड उंदराला दिसतो आणि तो त्याच्यावरच प्रतिक्रिया देऊ लागतो.

कप्प्यात घालवलेला एकूण वेळ हा एकटा आकडा फसवतो. लेझर लागल्यावर उंदीर जागच्या जागी थिजला तरी वेळ वाढतो आणि ती पसंती वाटते. प्रवेश किती, प्रत्येक भेट किती सेकंदांची, आत वेग किती, हे वेगळं काढा. खरी पसंती असेल तर तो बाहेर पडून पुन्हा पुन्हा आत येतो. थिजला असेल तर एकच लांबलचक भेट दिसते. टाळत असेल तर भेटी आखूड होतात आणि हळूहळू प्रवेशही कमी होतात. मध्यावर लेझरची बाजू बदला: पसंती लेझरची असेल तर ती त्याच्यामागे जाते, कोपऱ्याची असेल तर तिथेच राहते.

आणि थांबलेल्या उंदराला ‘सुख’ मिळालं असं लिहू नका. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या कामात डोपामाइन जवळजवळ संपवलेले उंदीरही गोड चव जिभेवर आली की ओठ चाटतात. आवडणं शाबूत राहतं, मिळवायला धडपडणं जातं. तुमची पेटी त्या धडपडीचाच अंदाज देते. तोही पक्का करायचा असेल तर नाक खुपसल्यावर लेझर मिळेल अशी पेटी लावा आणि एका झोतासाठी लागणारे प्रयत्न वाढवत न्या.

या सगळ्याआधी त्या तीन उंदरांच्या मेंदूचे काप टीएचने रंगवा आणि फायबरच्या टोकाची जागा उरलेल्या पाचांच्या नकाशाशेजारी मांडा. तिन्ही टोकं मागच्या बाजूला, आरएमटीजीजवळ निघाली, तर त्या तिघांची आकडेवारी वेगळा गट म्हणून ठेवा, सरासरीत मिसळू नका.