रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘क्रीप’ हे गाणं जुन्या गाण्याची कॉपी आहे म्हणतात. मग ते एवढं गाजलं कसं?

‘कॉपी’ शब्द वाचला आणि राहवलं नाही. याच शब्दावरून कॉलेजात आमचा बँड फुटायची वेळ आली होती.

आधी तुमच्या प्रश्नापुरतं. अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांनी लिहिलेलं ‘द एअर दॅट आय ब्रीद’ हॉलीज या बँडनं १९७४ मध्ये गाजवलं. त्याच्या कडव्यातले कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ) आणि ‘क्रीप’चे कॉर्ड एकाच क्रमाने जातात, सुरावटही एका ठिकाणी जवळ येते. प्रकाशकांनी कायदेशीर कारवाई केली, रेडिओहेडनं नाकारलं नाही, दोघांची नावं गाण्यावर लागली. पोरं प्रामाणिकपणे बोलली म्हणून आम्ही रॉयल्टीत छोटाच वाटा घेतला, असं हॅमंडनं पुढे सांगितलंय. ज्यांचं गाणं होतं त्यांचं समाधान झालं. बाकीच्यांनी अजून ‘चोर चोर’ ओरडायचं काही कारण मला दिसत नाही.

आमचा गायक मात्र ओरडायचा. मला सीनियर, शास्त्रीय शिकलेला, आवाज खरोखर गोड. गॅदरिंगसाठी ‘क्रीप’ बसवत होतो, मी गिटारवर. ध्रुवपदाच्या तोंडाशी ते दणके येतात ना? डावा हात तारांवर नुसता टेकवायचा, म्हणजे सूर उमटत नाही, आणि उजव्या हाताने डिस्टॉर्शनवर (गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या इफेक्टवर) सणसणीत मारायचं. तेवढं आलं की हा थांबायचा. “ते खटॅक खटॅक काढून टाक रे, चांगल्या गाण्याची वाट लावतोयस.” वर हेही, की “तसंही चार कॉर्डचं चोरलेलं गाणं, त्यात आहे काय?”

मी त्याला संगीत विभागातल्या पेटीपाशी नेलं. सा कुठलाही धरा. चार कॉर्डमधून एकेकच सूर उचलला तर मिळतं: प, कोमल ध, शुद्ध ध, पुन्हा कोमल ध, आणि परत प. एक पायरी वर, आणखी एक वर, मग आल्या वाटेने खाली. शुद्ध धैवतावरून कोमलावर उतरताना पोटात खड्डा पडतो, सगळं दुःख तिथे आहे. त्याला हे लगेच कळलं, कान तयारच होता. पण म्हणाला काय, “मग हॉलीजचंच म्हणू या, ओरिजिनल.”

इथे माझं डोकं फिरलं, आजही फिरतं. हॉलीजच्या गाण्यात ध्रुवपदाला कॉर्ड बदलतात, मोकळं वाटतं. ‘क्रीप’मध्ये सुटका नाही. कडवं, ध्रुवपद, मधला टाहो, सगळीकडे तेच चार कॉर्ड त्याच क्रमाने. बदलतो तो फक्त जोर. म्हणून ते दणके काढले की गाण्यात काही घडतच नाही. आणि ते वाजवणाऱ्या जॉनी ग्रीनवूडलाही गाणं आवडलं नव्हतं! फारच शांत आहे म्हणून वैतागून त्याने गिटारवर जोरात मारलं. गाणं बिघडवायला मारलेले फटके गाण्याचा प्राण झाले. आमच्या गायकाला हेही सांगितलं. पटलं नाही. गॅदरिंगला दणक्यांशिवाय वाजवलं, आणि लोक शांतपणे बसून राहिले. टाळ्या पडल्या त्या आवाजाला.

गाजलं कसं, ते सांगायचं राहिलं. रेडिओहेडचा गायक थॉम यॉर्कनं ते इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात शिकताना लिहिलं. १९९२ मध्ये चिपिंग नॉर्टनच्या स्टुडिओत दुसरीच गाणी रेकॉर्ड करायला गेले होते. सरावात मध्येच हे वाजवलं, आणि “हे आमचं स्कॉट वॉकरचं गाणं” असं यॉर्क पुटपुटला; वॉकर हा जुना गायक. शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी या निर्मात्यांना वाटलं, हे खरंच दुसऱ्या कुणाचं आहे. ठरलेली गाणी जमेनात म्हणून पुढे हे पुन्हा वाजवायला लावलं तेव्हा एका टेकमध्ये झालं आणि स्टुडिओत टाळ्या वाजल्या. सप्टेंबरमध्ये सिंगल आलं आणि आपटलं. बीबीसीच्या रेडिओ वनला ते फार उदास वाटलं, ब्रिटनमध्ये ७८व्या नंबरच्या वर गेलं नाही. उचललं ते इस्रायलमध्ये, योआव कुटनर या रेडिओवाल्याने. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेशनने, मग अमेरिकाभर. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा काढलं तेव्हा सातव्या नंबरवर. घरच्यांनी ओळखलं नाही, बाहेरच्यांनी ओळखलं. पुढे बँडलाच त्याचा वीट आला, कित्येक वर्षं मैफलीत वाजवायचे नाहीत. तो राग त्यांच्याच ‘माय आयर्न लंग’ या गाण्यात ऐकू येतो.

आता काही गोष्टी मान्य करतो. हॅमंड-हेझलवूड यांची नावं लागली ते योग्यच झालं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. आणि हॉलीजचं गाणं सुंदरच आहे, वाद त्याच्याशी नाही. दणक्यांशिवाय ‘क्रीप’ कुणी गाऊच नये असंही नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात प्रिन्स या पॉपस्टारनं ते स्वतःच्या ढंगात गायलं आणि वेगळंच उभं केलं. पण तो प्रिन्स होता.

तुम्ही स्वतः बँडमध्ये वाजवत असाल (प्रश्नावरून तसं वाटलं) तर गायकाचं ऐकून गिटार दाबू नका. कितीही सीनियर असो, आवाज कितीही गोड असो. साउंडवाल्यालाही आधीच सांगून ठेवा, ऐन ध्रुवपदाला तो फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढेल. आणि कुणी ‘कॉपी’ म्हणालं तर दोन्ही गाण्यांची फक्त ध्रुवपदं एकामागोमाग एक लावा आणि विचारा, ‘क्रीप’मधले ते दणके हॉलीजच्या गाण्यात कुठे आहेत? आमच्या गायकाने याचं उत्तर मला आजवर दिलेलं नाही.