वाचक विचारतात : डोंगरीला नेलेल्या पोराचं पुढे काय?

प्रश्न : आमच्या चाळीतला १६ वर्षांचा मुलगा मोबाईल चोरीत सापडला, त्याला डोंगरीला, म्हणजे तिथल्या मुलांच्या निरीक्षणगृहात, ठेवलंय. चाळीच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय, लोक म्हणतात जेलमध्येच टाका. मी २० वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं, मला हे बघवत नाही. ही सिस्टीम सुधारायला कुणीतरी मोठा नेता लागेल ना?
– एक शिक्षिका, चेंबूर

उत्तर : बाई, आधी तो फोटो डिलीट करायला लावा, आजच. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे ग्रुपवरच लिहा म्हणजे अॅडमिन जागा होईल.

आता मुलाचं. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षांची शिक्षा आहे, म्हणून कायद्यात तो किरकोळ गुन्हा धरतात आणि चौकशी ४ महिन्यांत, फार तर आणखी २ महिन्यांत संपली नाही तर केस बंद होते. जामीन हा नियम आहे, नाकारायचा असेल तर बाल न्याय मंडळाला, म्हणजे अशा मुलांच्या केसेस बघणाऱ्या मंडळाला, कारणं लिहावी लागतात. प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे मुलाच्या घरची माहिती काढून मंडळाला देणारा अधिकारी, घरी येऊन रिपोर्ट करतो तेव्हा शेजारी दार लावून घेतात आणि मग रिपोर्टमध्ये पोराची चांगली बाजू येतच नाही, म्हणून तुम्ही थांबा आणि बोला, शाळेत कसा होता, घरात कोण कमावतं, परत शाळेत घ्यायला कोण तयार आहे, सगळं सांगा.

आणि नेत्याची वाट कशाला बघता? मुलांना जेलमध्ये ठेवतात म्हणून मुंबईच्या पत्रकार शीला बारसे सुप्रीम कोर्टात गेल्या, १९८६ चा निकाल त्यांच्या याचिकेवरचा, त्यांच्याकडे कुठलं पद होतं? बाल न्याय मंडळात एका मॅजिस्ट्रेटबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यात एक तरी बाई हवीच, आणि निर्णय बहुमताने होतो, म्हणजे त्या दोघांचं मत एक झालं तर तेच चालतं! मुलांच्या शिक्षणात ७ वर्षांचं काम असलं तर अर्ज करता येतो, तुमचं तर २० वर्षांचं आहे. ह्या जागांना मुलं ओळखणारी माणसं मिळणं फार गरजेचं आहे, असं मला मनापासून वाटतं. महिला व बालविकास विभागाची जाहिरात निघाली की बाकीच्या अटी वाचा आणि अर्ज टाकाच.