डेटमधला बी आणि आयलंडमधला एस

प्रश्न असा आहे: इंग्रजीत लिहिली जाणारी पण न उच्चारली जाणारी अक्षरं पूर्वी उच्चारली जायची, पुढे ती बोलण्यातून गळाली, असं शाळेत सांगतात. मग कर्ज या अर्थाच्या डेट या शब्दातला बी आणि आयलंडमधला एस इंग्रज लोक कधीपर्यंत उच्चारत होते?

उत्तर एका वाक्यात देता येतं. कधीच उच्चारत नव्हते.

शाळेत सांगतात ते खोटं नाही, पण ते सगळ्या मूक अक्षरांना लागू पडत नाही. गुडघ्याला इंग्रजीत नी म्हणतात आणि त्याच्या सुरुवातीला के लिहितात. तो के एके काळी खरोखर बोलला जात होता. जर्मन माणूस आजही गुडघ्याला क्नी म्हणतो. इंग्रजांच्या तोंडून हा के सतराव्या शतकाच्या सुमारास गेला, पण छापखान्यांनी तोवर स्पेलिंग पक्कं करत आणलं होतं, म्हणून लिखाणात तो राहिला. लिहिणे या अर्थाच्या राइटमधला डब्ल्यूही असाच. ही अक्षरं म्हणजे जुन्या उच्चारांच्या खुणा आहेत.

डेटमधल्या बीची गोष्ट निराळी आहे. लॅटिनमध्ये देणं लागणे या अर्थाचं डेबेरे हे क्रियापद आहे, त्यावरून डेबिटुम म्हणजे देणं. लॅटिनची फ्रेंच होता होता लोकांच्या बोलण्यात मधला स्वर गेला, मग बी गेला, आणि डेट्ट असं रूप उरलं. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडचा राजा झाला आणि पुढे कित्येक पिढ्या दरबारात नि न्यायालयांत फ्रेंचचा वरचष्मा राहिला. त्या काळात हा शब्द इंग्रजीत आला तो बी गमावूनच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने कँटरबरी टेल्स या काव्यात एका व्यापाऱ्याचं वर्णन करताना म्हटलं आहे की तो कर्जात आहे हे कुणालाच कळत नसे. तिथे त्याने शब्द लिहिला आहे डी-ई-टी-टी-ई. बीचा मागमूस नाही.

पंधराव्या-सोळाव्या शतकात विद्वानांवर लॅटिनची मोहिनी पडली. हाताशी लॅटिन ग्रंथ, लिहिण्याची सवय लॅटिनची. त्यांना डेट्ट हे रूप बिघडलेलं वाटू लागलं. शब्द डेबिटुमवरून आला आहे, तर ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं पाहिजे, असा हा आग्रह. म्हणून बी घातला. शंका या अर्थाच्या डाउटमध्येही लॅटिन डुबितारेची आठवण म्हणून बी आला. ही हौस फ्रान्समध्येही होती. तिथेही काही काळ दोन्ही शब्द बी घालून लिहिले गेले, पण पुढे फ्रेंचांनी तो काढून टाकला. इंग्रजांनी ठेवला.

हे घडत असतानाच विरोधही झाला. जॉन हार्ट या लेखनसुधारकाने सोळाव्या शतकाच्या मध्यावर अशा फुकट अक्षरांवर कोरडे ओढले, आणि त्यात डाउटमधला बी होता. शेक्सपिअरच्या १५९८ साली छापलेल्या लव्ज लेबर्स लॉस्ट या नाटकात होलोफर्नीस नावाचा पढिक मास्तर आहे. लोक डाउट आणि डेट म्हणतात, बी उच्चारत नाहीत, म्हणून तो चिडतो. शेक्सपिअरने त्याला हास्यास्पदच रंगवलं आहे. या एका प्रसंगावरून मला दोन गोष्टी पक्क्या वाटतात: बी तेव्हा लिखाणात रुळला होता, आणि तो बोलणं म्हणजे पंडिती थाट समजला जात होता.

हे काम कुणी पद्धतशीर केलं असतं तर निदान नियम तरी सापडला असता. पण पावती या अर्थाच्या रिसीटमध्ये लॅटिनमधला पी आणून बसवला आणि त्याच घडणीचे डिसीट नि कन्सीट मात्र पीविना राहिले. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशाने ही विसंगती तशीच पुढे नेली. काही ठिकाणी तर घुसवलेल्या अक्षराने बोलणंच बदललं. फॉल्ट हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात एल नव्हता. आधी तो कागदावर आला, मग हळूहळू तोंडात शिरला. जॉन्सन म्हणतो की तो एल कधी उच्चारतात, कधी नाही. आज फॉल्टमधला एल सगळे म्हणतात. अॅडव्हेंचरमधला डी असाच मागाहून बोलला जाऊ लागला. चॉसरच्या काळी तो शब्द डीशिवाय होता.

आता आयलंड. इथे माझा खरा जीव अडकतो, कारण इथे विद्वानांची व्युत्पत्तीच चुकली. आयलंड हा शब्द लॅटिन नाही, फ्रेंचही नाही, तो जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द आहे. त्या भाषेत बेटाला ईग म्हणत, आणि त्याला लँड जोडून ईगलँडसारखा शब्द झाला. हा ईग आजही लंडनच्या नकाशावर आहे. बॅटरसी आणि बर्मंडसी या टेम्सच्या दक्षिण काठावरच्या वस्त्यांच्या नावांतला शेवटचा सी म्हणजे आधीच्या मालकाच्या नावातला षष्ठीचा स आणि त्यापुढे हा ईग. बॅटरसी म्हणजे बॅडुरिकचं बेट. दलदलीतून वर आलेल्या कोरड्या जमिनीलाही तेव्हा बेटच म्हणत.

मधल्या काळात लोक आय-एल-ए-एन-डी किंवा वाय-एल-ए-एन-डी असं लिहीत. एस कुठेच नव्हता. पण फ्रेंचमधून आलेला आइल हा बेट याच अर्थाचा दुसरा शब्द शेजारी होता, आणि तो लॅटिन इन्सुलावरून आलेला. त्याला इन्सुलाचा एस लावून लिहायची पद्धत पडली. मग दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत अशा समजुतीने आयलंडलाही तोच एस लावला गेला. १७०० च्या सुमारास हे रूप पक्कं झालं. अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरने १८२८ च्या कोशात ते चुकीचं ठरवलं, तरी ते हललं नाही.

या चुकीला पुढे आणखी एक फाटा फुटला. विमानात खिडकीऐवजी वाटेच्या कडेची जागा मागतो, ती आइल सीट. हा आइल मूळचा लॅटिन आलावरून, म्हणजे पंख. चर्चच्या बाजूच्या पंखासारख्या भागाला तो शब्द होता. बेटाच्या आइलशी त्याचा घोळ झाला आणि त्यालाही एस चिकटला. नंतर पंख या अर्थाच्या फ्रेंच शब्दाच्या (ए-आय-एल-ई) स्पेलिंगमुळे सुरुवातीला ए हे अक्षरही आलं. पंखाच्या शब्दात बेटाचं अक्षर!

म्हणून मी या दोघांना सारखं मानत नाही. डेटमधला बी उच्चाराबद्दल खोटं सांगतो, पण मुळाबद्दल खरं. डेबिट कार्डावरचा डेबिट त्याचाच सख्खा भाऊ आहे, तो थेट लॅटिनमधून पुन्हा उचललेला. त्या बीची बाजू घेता येते. आयलंडमधल्या एसची कोणतीच बाजू घेता येत नाही.

कुणी म्हणेल, आपणही दांत, पांच, कांटा असे अनुस्वार देत होतो आणि मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ते गेले, मग फरक काय? फरक मोठा आहे. दन्तचा दांत होताना तिथे खरोखर नाकातला उच्चार होता, आणि कोकणीत तो आजही ऐकू येतो. आपले ते अनुस्वार गुडघ्यातल्या केच्या जातीचे होते, डेटमधल्या बीच्या नव्हे.

एखाद्या मूक अक्षराची जात ओळखायची असेल तर चॉसरच्या काळातलं स्पेलिंग पाहावं. अक्षर तिथे असलं तर ते बहुधा बोलण्यातून आलेलं, नसलं तर मागाहून घातलेलं. ही कसोटी शुड, वुड आणि कुड या तिघांना लावून पाहा. शुड आणि वुडमध्ये एल तेव्हाही होता, कारण तो शॅल आणि विलमधलाच. कुडमध्ये तो नव्हता, कारण कॅनमध्ये एल कुठून असणार? दोन शेजाऱ्यांकडे बघून तो नंतर घातला गेला, आणि यात लॅटिनचा काहीही हात नाही.