वाऱ्यात कनूचं तोंड फिरतं, ते का?

प्रश्न : दोन सीटची सोळा फुटी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी घेऊन आडबाजूच्या लहान तळ्यावर एकटाच मुक्कामाला जातो. मागच्या सीटवर बसतो. समोरून थोडा वारा सुटला की होडीचं तोंड फिरतं, मग कितीही वल्हवा, सरळ होत नाही. वल्हं मारण्यात चुकतंय का?

उत्तर : वल्हं मारण्यात नाही, बसण्यात चुकतंय. तुमच्या वजनाने मागचं टोक पाण्यात रुततं आणि पुढचं वर उचललं जातं. मागच्या टोकाला पाण्याची पकड मिळते, पुढच्याला कसलीच नाही, त्यामुळे वारा त्यालाच ढकलतो. वातकुक्कुट फिरतो तशीच ही होडी फिरते.

उलटे बसा. पुढच्या सीटवर, पण तोंड मागच्या टोकाकडे करून. ही सीट मध्याच्या अधिक जवळ असते. आता मागचं टोक तुमच्यासाठी पुढचं झालं. होडीची दोन्ही टोकं सारख्या आकाराची असतील आणि सीटमागच्या आडव्या दांडीला गुडघे अडत नसतील, तरच हे जमेल. जमत नसेल तर मध्याच्या थोडं मागे, गुडघे फाकवून तळावर टेका. वजन खाली येतं आणि होडी डुलायची कमी होते.

मग तंबू आणि शिध्याची पिशवी समोर सरकवा. सामान नसेल तर वीस लिटरच्या ड्राय बॅगेत (पाणी झिरपू न देणाऱ्या पिशवीत) पंधरा लिटर तळ्याचंच पाणी भरून ती दांडीला बांधा. दगड मात्र नकोत. होडी पाण्याने भरली तर दगड तिला खाली ओढतील, पाण्याची पिशवी ओढणार नाही. तोल बघायचा असेल तर संथ पाण्यात होडीच्या तळाशी ओंजळभर पाणी ओता, ते जिकडे धावेल ते टोक जड. वारा समोरून असेल तर पिशवी वीतभर पुढे, पाठीमागून असेल तर वीतभर तुमच्याकडे.

एवढं करूनही लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की तळ्याच्या मधून जाऊ नका. काठाकाठाने, वाऱ्याच्या आडोशाने जा. हवा उबदार असली तरी पाणी गार असू शकतं. गार पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर धाप आवरत नाही आणि साधारण दहा मिनिटांत हातपाय निकामी होऊ लागतात. सीटखाली ठेवलेलं लाइफ जॅकेट तेव्हा घालता येत नाही, ते आधीच अंगावर हवं. होडी उलटली तर तिला धरून राहा.

प्रश्न : रात्री होडी काठावर अर्धी ओढून ठेवली तर चालेल?

उत्तर : नाही. लाटा मागचं टोक हलवत राहतात आणि होडी हळूहळू पाण्यात सरकते. परतायचं तुमचं एकमेव वाहन ते! पूर्ण बाहेर काढा, पालथी घाला आणि जाड झाडाला दोरीने बांधा. पालथी होडीसुद्धा जोराच्या वाऱ्यात लोळते, म्हणून बांधणं टाळू नका. वल्ही तिच्याखाली ठेवा, जादाचं वल्हंही.

प्रश्न : तळ्याचं पाणी उकळलं की पिण्याजोगं होतं ना?

उत्तर : जंतूंपुरतं, हो. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. पण पाण्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी-निळी साय दिसली तर ते विषारी शेवाळ असू शकतं, आणि ते विष उकळून जात नाही. तिथलं पाणी घेऊच नका. एरवीही काठाचं गढूळ पाणी टाळा, होडीतून थोडं आत जाऊन भरा.

पाणी गाळायचा फिल्टर पोकळ तंतूंचा (आत केसासारख्या बारीक नळ्या असलेला) असेल तर थंडीत तो रात्री स्लीपिंग बॅगेत घ्या. आतलं पाणी गोठलं की तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.