गडचिरोलीत एकाच रुग्णाला व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम असे दोन्ही मलेरिया एकदम होणं किती सामान्य आहे?

होतं, आणि रिपोर्टांवरून वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. नेमकी टक्केवारी विचाराल तर ती कोणत्या तपासणीने मोजली यावर ठरते.

गडचिरोलीत फॅल्सिपेरमचं प्रमाण मोठं आहे, पण व्हायवॅक्सही तिथेच फिरतो आणि दोन्ही पसरवणारे ॲनोफिलीस डासही तेच. त्यामुळे दोन्ही जंतू एका शरीरात येण्यात नवल नाही. अडचण मोजण्यात आहे. एका जातीचे जंतू भरपूर असले की दुसरीचे तुरळक जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सहज निसटतात. काचपट्टीवर फॅल्सिपेरम दिसला की तंत्रज्ञ बहुधा तिथेच थांबतो. रोज ढीगभर पट्ट्या पाहणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, केली की मिश्र संसर्गाचा आकडा वाढतो, हे अनेक देशांत दिसलं आहे.

शिवाय व्हायवॅक्स यकृतात झोपून राहतो, तेव्हा तो रक्तात सापडतच नाही. थायलंडमध्ये फॅल्सिपेरमवर उपचार घेतलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या रक्तात दोन महिन्यांच्या आत व्हायवॅक्स दिसला होता!

म्हणून रिपोर्टवर 'मिक्स्ड' आलं तर फॅल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनवर आधारित गोळ्या आणि यकृतातल्या व्हायवॅक्ससाठी 14 दिवस प्रायमाक्विन देतात. ताप उतरला म्हणून प्रायमाक्विन मध्येच सोडू नका. मात्र गरोदर बाईला ते देत नाहीत, आणि जी-६-पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.