यादीतला नंबर घरी ठेवून जा

प्रिय मुली,

अभिनंदन नंतर करते, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. दहा हजार मीटरच्या प्रवेशयादीत तुझं नाव शेवटून तिसरं आहे. पहिल्या दहा जणींच्या वेळा तुझ्याहून मिनिटभर तरी चांगल्या आहेत. म्हणून तू विचारलंस, "मी तिथे जाऊन नेमकं करायचं काय?"

पॅरिसची २०२४ ची ऑलिम्पिक फायनल काढून बघ, सगळ्या पंचवीस फेऱ्या. केनियाची बीट्रिस चेबेट अडीच महिने आधीच २८:५४.१४ चा विश्वविक्रम करून आली होती. एकोणतीस मिनिटांच्या आत धावलेली ती पहिली बाई. पॅरिसला ती जिंकली ३०:४३.२५ मध्ये, म्हणजे स्वतःच्या विक्रमापेक्षा जवळजवळ एक मिनिट पन्नास सेकंद हळू. आणि तिच्या मागे फक्त दहा शतांश सेकंदांवर होती इटलीची नादिया बत्तोक्लेत्ती. ३०:४३.३५ ही तिच्या आयुष्यातली तोवरची सर्वोत्तम वेळ होती. कागदावर दोघींमध्ये दीड फेरीचं अंतर, आणि प्रत्यक्षात अर्ध्या पावलाचं! त्या दिवशी यादी पाहून अंतराचा अंदाज बांधणारे तोंडघशी पडले.

असं होतं याचं कारण साधं आहे. विक्रमाच्या शर्यतीत पुढे पेसमेकर, म्हणजे फक्त वेग लावून देणारी धावपटू असते, ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवे पळत असतात. मोठ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये यातलं काहीच नसतं. जी पुढे राहील तिने वारा अंगावर घ्यायचा, वेग ठरवायचा, आणि मागच्या सगळ्या जणींना फुकट ओढत न्यायचं. पदकासाठी आलेली कोणतीही शहाणी मुलगी हे काम आपणहून अंगावर घेत नाही. म्हणून सुरुवातीचे काही किलोमीटर बऱ्याचदा तुलाही झेपतील अशा वेगाने जातात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाच्या तिरुनेश दिबाबाने दहा हजार २९:५४.६६ मध्ये जिंकली, आणि त्याच स्पर्धेत पाच हजारचं सुवर्ण घेतलं १५:४१.४० मध्ये, म्हणजे अंतर निम्मं आणि वेग दहा हजारपेक्षाही कमी. नुसती ती दुसरी वेळ वाचली तर ती दिबाबाची आहे यावर विश्वास बसणार नाही.

तेव्हा पात्रतेची वेळ तुला दारापर्यंत आणते, इतकंच तिचं काम. आत गेल्यावर घड्याळापेक्षा क्रमांक महत्त्वाचा.

आता माझं खरं म्हणणं. लोक सांगतात की अशा शर्यतीचा निकाल शेवटच्या चारशे मीटरमध्ये लागतो. टीव्हीवर तसं दिसतं खरं. मला ते पटत नाही. शेवटच्या फेरीत फक्त शिल्लक मोजली जाते. खर्च आधीच झालेला असतो, आणि तो बहुतेक वेळा सहा हजार ते नऊ हजार मीटरच्या दरम्यान होतो, जिथे कॅमेरा लांब उडीकडे वळलेला असतो आणि समालोचक हवामानावर बोलत असतात.

इथिओपियाच्या लेतेसेनबेत गिदेच्या तीन शर्यती ओळीने बघ. २०१९, दोहाची जागतिक स्पर्धा: तिने पुढे राहून वेग वाढवत नेला, नेदरलँड्सची सिफान हसन तिच्या मागे चिकटून राहिली आणि शेवटी निघून गेली. हसनने शेवटचे १५०० मीटर चार मिनिटांच्या आत काढले होते. गिदेला रौप्य. २०२१, टोकियो ऑलिम्पिक: गिदे आता विश्वविक्रमवीर होती, जूनमध्येच २९:०१.०३ धावलेली. त्या दमट रात्री तिने पुन्हा बराच वेळ एकटीने वेग सांभाळला, आणि शेवटी हसन पुढे, कल्किदान गेझाहेग्ने दुसरी, गिदे तिसरी. मग २०२२, यूजीनची जागतिक स्पर्धा. या वेळीही ती शेवटी पुढेच होती, पण तिथवर येताना तिने स्वतःला कमी झिजवलं होतं. निकाल असा: गिदे ३०:०९.९४, हेलन ओबिरी ३०:१०.०२, मार्गारेट किपकेम्बोई ३०:१०.०७. चौथी हसन, तीही त्याच सेकंदाच्या आसपास. गिदेकडे जोरदार किक, म्हणजे शेवटी वेग झपाट्याने वाढवण्याची ताकद, नाही असं तोवर सगळे खात्रीने सांगत. माझं मत वेगळं आहे. किक होती, ती शेवटच्या सरळपट्टीपर्यंत शिल्लक राहत नव्हती.

तुझ्यासाठी याचा अर्थ काय? पहिली गोष्ट जागेची. घोळक्यात पाचवी ते दहावी या पट्ट्यात राहा. त्याहून मागे राहिलीस तर पुढच्या कुणाच्या तरी मागे दोन मीटरची फट पडते आणि ती कधी पडली हे तुला कळतही नाही. तू फक्त तुझ्या पुढच्या पाठीकडे बघत असतेस, आणि ती पाठ मागे पडत चाललेली असते. पाच हजारनंतर दर फेरीला एकदा नजर उचलून सगळ्यात पुढचीकडे बघ. तिच्यात आणि तुझ्यात किती जणी आहेत ते मोजत राहा.

वळणावर बाहेरून धावायचं नाही. कुणाला ओलांडायचं तर सरळपट्टीवर. दुसऱ्या लेनमधून एक फेरी मारलीस तर दोन्ही वळणं मिळून सहा-सात मीटर जास्त पडतात. अशा दहा फेऱ्या केल्यास तर दहा सेकंदांहून जास्त तू उगाच देऊन टाकलेस, आणि तेही अशा शर्यतीत जिथे पदकं शतांशांवर ठरतात. अगदी कडेला चिकटून राहिलं तर डांबून ठेवतात, हेही खरं. पहिले सात किलोमीटर मी कडच घेईन, कोंडी झाली तरी. मग हळूहळू पुढचीच्या उजव्या खांद्यावर यायचं, निघायला वाट मोकळी ठेवायची.

दुसरी गोष्ट झटक्यांची. कुणीतरी एकदम एक फेरी चार-पाच सेकंदांनी जलद काढते आणि मग पुन्हा हळू होते. अशा वेळी त्याच क्षणी उडी मारून तिच्या मागे जाऊ नकोस. पूर्ण फेरीभर हळूहळू अंतर भर. ती हळू होईल तेव्हा तू पोचलेली असशील आणि तुझा श्वास तिच्याइतका चढलेला नसेल. सरावात सारख्या वेगाच्या फेऱ्या तू फार सुंदर काढतेस, स्प्लिट्स, म्हणजे प्रत्येक फेरीच्या वेळा, पाहून कौतुक वाटतं. पण आता ते पुरे. आठवड्यातून एकदा सहा हजार मीटर असे धाव की शिट्टी वाजेल तेव्हा एक फेरी जलद, मग पुन्हा मूळ वेग, आणि शिट्टी कधी वाजणार हे तुला माहीत नसेल. शेवटी न थांबता एक हजार, जमेल तेवढा जोरात. पहिल्या वेळी ते हजार मीटर भयंकर जातील, जाऊ देत.

आणि शर्यत हळू न होता पहिल्यापासूनच पेटली तर? तेही होतं. रिओ ऑलिम्पिक, २०१६. इथिओपियाची अल्माझ अयाना निम्म्या शर्यतीनंतर एकटीच निघून गेली आणि २९:१७.४५ मध्ये आली. चीनच्या वांग जुनशियाचा १९९३ पासूनचा २९:३१.७८ चा विक्रम चौदा सेकंदांनी मोडला. पुढची चौकडी दिसेनाशी झाली तरी मागच्या कितीतरी जणींनी त्या दिवशी आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिली, कारण त्यांनी अयानाचा पाठलाग केला नाही, आपापला गट धरला. तुझ्यासारखीने तिथे हेच करायचं: तुझ्या वेगाच्या तिघी-चौघी शोध आणि त्यांच्यात राहा. पुढचे क्रमांक तिथूनच मिळतात, कारण आघाडीच्या मागे धावून फुटलेल्या मुली आठ हजारनंतर एकेक करून मागे येतात. खुद्द अयानाचंच बघ. आठवड्याने पाच हजारच्या फायनलमध्ये ती तशीच मोठी आघाडी घेऊन सुटली. या वेळी केनियाच्या व्हिव्हियन चेरुइयोटने शेवटच्या फेऱ्यांत तिला गाठलं आणि १४:२६.१७ चा ऑलिम्पिक विक्रम करून जिंकली. अयाना तिसरी. तीच धावपटू, तीच चाल, फक्त या वेळी शिल्लक कमी पडली.

पडण्याबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण वीस-पंचवीस जणींच्या घोळक्यात ते होतं. सुरुवातीलाच दोन गट करतात. एक गट नेहमीच्या वक्र रेषेवर, दुसरा बाहेरच्या बाजूला पुढे, आणि पहिलं वळण संपल्यावर दोन्ही मिसळतात. ती मिसळण्याची जागा धोक्याची. तिथे हातांचे कोपर किंचित बाहेर ठेव आणि पावलं आखूड. पडलीस तर लगेच ऊठ, पण गेलेलं अंतर शंभर मीटरमध्ये भरायला जाऊ नकोस. टोकियोत हसन १५०० मीटरच्या हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या पात्रता शर्यतीत, शेवटच्या फेरीच्या तोंडावर पडली, उठली आणि ती हीट जिंकली. ते दृश्य सगळ्यांना पाठ आहे. पण तिच्यापुढे एकच फेरी उरली होती, तिला दुसरा मार्गच नव्हता. तुझ्याकडे दहा-पंधरा फेऱ्या असतील, त्यातल्या दोन-तीन खर्चून ये. धक्का बसला तर उलट ढकलू नकोस. पॅरिसच्या पाच हजारमध्ये केनियाच्या फेथ किपयेगॉनला अडथळा केल्याबद्दल आधी बाद केलं, मग अपिलावर तिचं रौप्य परत मिळालं. त्या मधल्या वेळात तिच्यावर काय गुजरलं असेल याची कल्पना कर.

कदाचित आघाडीची तुला एक फेरी मागे टाकेल. लाज वाटून बाहेर सरकू नकोस, आपली ओळ सोडू नकोस, आणि शेवटच्या फेरीची बेल वाजली की ती तिच्यासाठी आहे की तुझ्यासाठी हे ध्यानात ठेव. फलकावरचा आकडा पुढचीच्या फेऱ्यांचा असतो.

शेवटची रेषा ओलांडेपर्यंत हात वर करायचे नाहीत. २०१५ ला बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची मॉली हडल कांस्यपदक मिळालंच असं समजून शेवटच्या पावलांत सैल झाली, आणि आतून आलेल्या तिच्याच देशाच्या एमिली इन्फेल्डने ते नेलं. फरक नऊ शतांश सेकंदांचा. हडल काही नवखी नव्हती.

स्पाइक्सबद्दल, म्हणजे खिळ्यांच्या बुटांबद्दल, एका ओळीत: नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवर तळव्याची जाडी २० मिलिमीटरपर्यंतच चालते, तुझा जुना जोड मोजून घे, नाहीतर शर्यतीआधी जिथे सगळ्यांना तपासतात त्या कॉल रूममध्ये गोंधळ होईल.

आता जरा वेगळं, आणि हे मी तुझ्या कोचसमोर बोलले असते तरी असंच बोलले असते. स्पर्धा जवळ आली की वजन अजून थोडं उतरवावं असा सल्ला तुला कुणीतरी देईल. गेल्या पत्रात तू लिहिलंस की दोन महिने पाळी आली नाही आणि "सगळ्यांचंच असं होतं" असं गटातल्या मुली म्हणाल्या. पुष्कळ जणींचं होतं, म्हणून ते ठीक आहे असं नाही. धावण्यात जेवढं जातं तेवढं खाण्यातून परत येत नसलं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होतात, नडगीत किंवा पायाच्या पंजात बारीक तडे जातात, आणि अख्खा मोसम बसून काढावा लागतो. या आठवड्यात डॉक्टरकडे जा, रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे, आणि काय खातेस ते मला सविस्तर कळव. यात माझं ऐकायचंच. बाकीच्या पत्रावर वाद घातलास तरी चालेल.

एक जाता जाता. पुरुष ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर १९१२ पासून धावतात. बायकांना ही शर्यत मिळाली १९८८ ला, सोलमध्ये. त्याआधी १९२८ ला आठशे मीटरनंतर काही जणी दमून बसल्या म्हणून बायकांची आठशे मीटरच १९६० पर्यंत बंद ठेवली होती. शर्यत संपल्यावर पुरुषही दमून बसतात, त्यांचं कुणी काही बंद केलं नाही. तुला घाबरवायला किंवा स्फूर्ती द्यायला हे सांगत नाही. मला अजून राग येतो, एवढंच.

रात्रीची फायनल असेल तर दिवसभर खोलीत पडून राहणं सगळ्यांत अवघड जातं. दुपारी झोप आली नाही तरी पडून राहा, फोन दुसऱ्या कुणाकडे दे, प्रवेशयादी उघडू नकोस. शर्यतीनंतर मला अंतिम वेळ कळवायची गरज नाही, ती मला दिसेलच. मला लिही की सहा हजारला तू कितवी होतीस, तुझ्या पुढे कोण होती, आणि पहिला झटका बसला तेव्हा तू काय केलंस. त्यावर पुढचं पत्र लिहीन.

आणि हो, अभिनंदन.

तुझी,
ताई