पागेतले प्रश्न : आधी वैरण, मग चंदी

प्रश्न : माथेरानला आमचं घोडं पर्यटकांना फिरवतं. पावसाळ्यात काम जवळपास बंद होतं, तरी अंग उतरू नये म्हणून हरभरा आणि गव्हाचा कोंडा मिळून रोजची चार किलो चंदी चालूच ठेवली. काम सुरू केलं त्या दिवशी थोडं चालल्यावरच घोडं घामाघूम होऊन थांबलं. मागचे पाय ताठ, लघवी कॉफीच्या रंगाची. खुराक कमी पडला का?

उत्तर : कमी नाही, जास्त झाला. बसून असलेल्या घोड्याला कामाची चंदी दिली आणि मग एकदम चालवलं, की हे होऊ शकतं. स्नायू आखडून फुटतात आणि त्यांतलं रंगद्रव्य लघवीत उतरतं. त्यानं मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका असतो. अशा वेळी घोडं ओढत घरी आणू नका. जागीच उभं करा, खोगीर काढा, पाणी ठेवा आणि पशुवैद्याला तिथेच बोलवा.

आता हिशोब. घोड्याचं वजन फीतीनं काढता येतं: पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,877. घेर 150 आणि लांबी 145 आली, तर वजन साधारण 275 किलो. त्याला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे साडेपाच किलो सुकं गवत हवं. ते चार-पाच वेळा विभागून द्या आणि रात्रीचा वाटा मोठा ठेवा. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं. पोट तासन्‌तास रिकामं राहिलं तर व्रण होतात.

चंदी कामाच्या दिवसांत दोन किलोच्या आसपास, तीन तोबऱ्यांत, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीतून तीन वेळा विभागून. काम बंद तर अर्धा किलो, अंगानं भरलेल्या घोड्याला तीही नको. जठर लहान असतं, मोठ्या घोड्याचंही फार तर पंधरा लिटरचं. एका वेळी जास्त धान्य गेलं की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. त्यातून पोटशूळ होतो, नाहीतर खुरांचा दाह. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून पोट फुगलं की प्रकरण लवकर जिवावर येतं.

आणि डब्यानं मोजू नका, तराजू घ्या. ज्या डब्यात किलोभर हरभरा मावतो, त्यात कोंडा जेमतेम एक तृतीयांश किलो बसतो. हरभरा रात्रभर भिजवलेलाच द्या. कितीही पौष्टिक असला तरी प्रौढ घोड्याला एवढ्या प्रथिनांची गरज नसते. जादा प्रथिनं लघवीवाटे जातात आणि पागेत अमोनियाचा वास सुटतो. निम्मा हरभरा काढून जव किंवा ओट घाला.

प्रश्न : कोंडा स्वस्त पडतो. चंदी सगळी कोंड्याचीच केली तर?

उत्तर : नको. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो. महिनोन्‌महिने तोच खाल्ला तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. जबड्याची हाडं सुजतात, घोडं लंगडतं. चंदीत कोंडा मूठ-दोन मूठच ठेवा आणि वैरणीत थोडा लसूणघास घाला, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. साधं मीठ रोज 25-30 ग्रॅम, घाम गाळणाऱ्याला त्याहून जास्त.

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणली. घरचा चारा देताच लीद पातळ झाली.

उत्तर : आतड्यातल्या जंतूंना नवा चारा पचवायला वेळ लागतो. आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करा: आधी तीन हिस्से जुना, एक नवा, मग निम्मा-निम्मा. पुढच्या वेळी विकणाऱ्याकडूनच चार दिवसांची वैरण मागून आणा. घोडी सुस्त झाली, खाणं सोडलं किंवा ताप आला तर मात्र वाट पाहू नका, डॉक्टरांना बोलवा. ज्वारीचा कोवळा फुटवा तिला अजिबात घालू नका, त्यात सायनाइड तयार होतं.

प्रश्न : गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य चालेल?

उत्तर : नाही. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. गाईला चालणारी मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडते. पोती वेगळ्या खोलीत ठेवा आणि घमेलंही वेगळं वापरा.